बोट वाचली, पैसे बुडाले

पुण्यात समुद्र नाही आणि आमच्याकडे बोट आहे, हे ऐकूनच लोक हसायला लागतात. पुढचं ऐकून आणखी हसतील, हसू देत. पण हल्ली आपल्याकडे कॅम्परव्हॅन, बोटी, फार्महाउसवरचे कंटेनर असं सगळं ‘सजवून’ देणारे बरेच झालेत. त्यांतल्या एकाने आम्हाला पद्धतशीर टोपी घातली, म्हणून हे लिहितोय.

आम्ही तिघं कॉलेजपासूनचे मित्र. निवृत्त झाल्यावर पैसे काढून एक जुनी सत्तावीस फुटी शिडाची बोट घेतली. ती रेवसच्या बाजूला खाडीत असते. बोटीवर संडास होता, पण हातपंपाचा. भांडं इतकं बुटकं, की बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे. काम झालं की शेजारचा दांडा वीस-पंचवीस वेळा वरखाली करायचा. माझा एक गुडघा बदललेला आहे. बायकोने तर ते प्रकरण एकदाच पाहिलं आणि म्हणाली, “हे तुमचं तुम्हाला लखलाभ. मी मांडव्याला जेटीवर चहा पीत बसते.” मित्रांच्या घरीही तेच. रात्रीच्या मुक्कामाला कोणी येईना. शेवटी ठरलं, की घरच्यासारखं मोठं भांडं बसवायचं, बारा व्होल्टवर चालणारं, बटण दाबलं की झालं असं.

भोसरीत एक जण कॅम्परव्हॅन बनवतो, बोटींचंही करतो असं कळलं. पस्तिशीचा, अतिशय नम्र. पहिल्याच भेटीत तिघांच्या पाया पडला. “काका, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका, काकू स्वतः म्हणतील बोटीवर जाऊ या.” नवा कोरा इंपोर्टेड पीस, खास सॅनिटेशनचा होज म्हणजे पाइप, ब्राँझचा सीकॉक म्हणजे बोटीच्या तळाचा कॉक, सायफन तोडणारी कमान, जाड वायर आणि फिटिंग, सगळं मिळून एक लाख अडतीस हजार. ऐंशी हजार आगाऊ बँकेतून दिले. उरलेले अठ्ठावन्न हजार रोख दिले तर त्यावरचा जीएसटी सोडतो म्हणाला, आणि आम्हीही हो म्हणालो. हे लिहायला लाज वाटते, पण हाव आमचीही होती. रोखीच्या त्या रकमेचा आज आमच्याकडे एक चिटोरासुद्धा नाही.

त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. फळीवर भांडं, शेजारी ट्रकची बॅटरी, खाली बादली. बटण दाबलं, घर्र झालं, टिश्यूचा बोळा गडप. हळू मिटणारं झाकण त्याने चार वेळा मिटून दाखवलं. आम्ही तीन इंजिनिअर त्या झाकणाकडे बघत बसलो होतो.

फिटिंग ऑक्टोबरात, पावसाळा संपून बोट पाण्यात उतरायच्या आधी झालं. त्या दिवशी आमच्यातलं कोणी गेलं नाही. त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, आम्ही अंगठे पाठवले.

पहिली तक्रार मोटरची. भोसरीत गुरगुरणारी मोटर बोटीवर कण्हायला लागली. फोन केला तर म्हणाला, “नवीन आहे काका, सेट व्हायला वेळ लागतो.” मग जानेवारीत वास सुरू झाला. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, की समुद्राचं पाणी पाइपात साचलं की त्यातले बारीक जीव मरतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. हे शंभर टक्के खरं आहे. म्हणून तर आम्ही गप्प बसलो. खोटं बोलला असता तर लवकर पकडला गेला असता.

मार्चमध्ये बोटीवर लक्ष ठेवणाऱ्या तांडेलाचा सकाळी फोन आला, “सायेब, होडीत पाणी हाय.” पेण-वडखळचा रस्ता त्या दिवशी किती लांब वाटला ते सांगत नाही. पोचलो तर तळाच्या फळ्या तरंगत होत्या. आपलं भांडं काठोकाठ भरून शांतपणे ओसंडत होतं. आदल्या रविवारी आमच्यातल्याच एकाकडून सीकॉक बंद करायचा राहिला होता. तांडेलाने तो येताक्षणी फिरवला आणि दोन तास बादल्यांनी पाणी उपसलं, म्हणून बोट राहिली.

पण कॉक उघडा राहिला तरी असं व्हायला नको होतं. बोटीवरचं भांडं बहुधा बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असतं. त्यामुळे पाइप त्या पातळीच्या बराच वर कमान करून न्यायचा आणि कमानीच्या डोक्यावर हवा घेणारी बारीक झडप ठेवायची, म्हणजे सायफन तुटतो. कमान नसेल, तर घरी ड्रममधून नळीने पाणी काढतो तसं ते आत येत राहतं. ड्रम संपतो, समुद्र संपत नाही. आमच्या बोटीत कमानच नव्हती. पाइप खालूनच सरळ नेला होता. ऑक्टोबरातला फोटो काढून बघितला तर त्यात कमान छान दिसत होती, पण तिच्या मागची फळी सागवानी. आमच्या बोटीत सगळीकडे पांढरा रंग आहे.

मग मात्र आम्ही सगळं उघडलं. एका बाजूला पंप, एका बाजूला आमची अब्रू. मोटरवरची नाव-नंबराची चकचकीत पट्टी नखाने निघाली, खालची मूळ पट्टी ग्राइंडरने घासलेली होती. भांड्यामागचं कोपर सोडवलं तर आत बोटभर जाडीचा पांढुरका, खडूसारखा थर. समुद्राचं पाणी आणि लघवी एकत्र आली की पाइपात असा चुन्याचा थर धरतो, पण इतका जाड पाच महिन्यांत नाही. म्हणजे आमच्या ‘नव्या कोऱ्या’ कमोडवर आमच्या आधी कोणीतरी बरीच वर्षं बसून गेलं होतं. भांडं आणि झाकण तेवढं नवीन. आतली घाण उलटी येऊ न देणारी रबरी झडप इतकी कडक झाली होती, की तिचे ओठ मिटतच नव्हते.

होज साधा, शेतात वापरतात तसला. याची परीक्षा घरीही करता येते. फडकं गरम पाण्यात बुडवून पिळायचं, पाइपाभोवती बाहेरून गुंडाळायचं, गार झालं की नाकाशी धरायचं. फडक्याला वास आला तर पाइपच्या भिंतीतूनच वास झिरपतोय. आमच्या मित्राने ते नाकाशी धरलं आणि न बोलता डेकवर निघून गेला.

वायर घरातल्या प्लगची, दीड चौरस मिलिमीटरची. बॅटरीपासून जाऊन-येऊन बारा मीटर, आणि मोटर ओढते अठरा अँपिअर. गणित केलं तर अडीच व्होल्ट वायरीतच संपतात. मोटर कण्हणारच. भोसरीत वायर हातभर होती, म्हणून तिथे ती शूर होती.

सगळ्यात भीती वाटावी अशी गोष्ट मे महिन्यात बोट वर काढल्यावर कळली. सीकॉक म्हणजे बोटीच्या तळाला भोक पाडून बसवलेला कॉक. तो तुटला तर मध्ये दुसरं काही नाही. पाण्याकडच्या बाजूला त्यावर गुलाबी चट्टे आले होते. मी तो पिशवीत घालून कसब्यात तांबट आळीत नेला. एका म्हाताऱ्या कारागिरांनी चष्मा वर केला, टोच्याने त्या चट्ट्यावर खरवडलं, भुकटी पडली. म्हणाले, “पितळ आहे साहेब. जस्त निघून गेलंय, नुसतं तांबं उरलंय. ब्राँझ कोण म्हणालं तुम्हाला?” घरच्या नळाला चालणारा पितळी कॉक खाऱ्या पाण्यात असाच पोकळ होतो. हातोडीचा एक हलका ठोका दिल्यावर त्याची कड तुटून हातात आली.

फोन बंद. भोसरीच्या गाळ्यावर दुसऱ्याच धंद्याची पाटी. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला, तर नोंदणी कधीच रद्द झालेली. हे तपासायला अर्धं मिनिट लागतं, लॉगिनही लागत नाही, आणि ते पैसे देण्याआधी करायचं असतं. चौकीत सांगितलं, ‘हे दिवाणी प्रकरण आहे’. माझी भाची वकील आहे. तिचं म्हणणं, की पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय आणि तो अर्ज आपण देऊच, पण पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग बरा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. १९१५ या हेल्पलाइनवरही नोंद केली. तक्रार दाखल झालीय, तीही फक्त ऐंशी हजारांची. रोखीच्या अठ्ठावन्न हजारांबद्दल भाची काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

जुना हातपंप फेकला नव्हता. रबरं बदलून तोच पुन्हा बसवलाय, या वेळी कमानीसकट, आणि आम्ही तिघंही शेजारी उभे राहून. नवा सीकॉक घेताना बिलावर ‘ब्राँझ’ हा शब्द लिहून घेतला. ते भांडं मात्र कोथरूडला आमच्या बाल्कनीत आहे. भाचीने त्यावर कागद चिकटवलाय, ‘पुरावा आहे, वापरू नये’. बायको त्यावर पायपुसणी वाळत घालते.