न्यूट्रोफिल की मॅक्रोफेज: शरीराचं रक्षण करणाऱ्या या दोन पेशींपैकी माझी आवडती कोणती?

काटोलच्या बागेत संत्र्याचा काटा बोटात घुसला. नागपूरला घरी पोचले तोवर बोट लाल, गरम. दोन दिवसांनी टोकाशी पिवळा पू. हा पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी. प्रौढांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ५० ते ७० टक्के याच. धोक्याची हाक येताच रक्तवाहिनीच्या भिंतीतून निसटून जखमेत शिरतात, जिवाणू गिळतात, वेळ पडली तर स्वतःच्या डीएनएचं जाळंही फेकतात, आणि लवकरच मरतात.

मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मोठ्या पेशी, आधीपासूनच ऊतींत मुक्कामाला. पहिली हाक बरेचदा त्याच देतात. नंतर मेलेल्या न्यूट्रोफिल गिळून जागा साफ करतात. माझा जीव मात्र न्यूट्रोफिलवर जडलाय. केमोथेरपीत त्या फार घटल्या की साधा तापही तातडीचा ठरतो.