रांजणगावची पुंटो, इंग्लंडचं काचेचं मशीन

जुलै २०२३. राजाराम पुलाच्या सिग्नलला उभी होते, आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच खाड्कन दारात पडली. बटण दाबलं की आत कुठेतरी घर्र होतंय, काच मात्र वर यायचं नाव घेत नाही. पाऊस थेट मांडीवर. घरापर्यंत एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात छत्री. पुढचे तीन आठवडे दाराला दुधाच्या पिशव्यांचं प्लास्टिक आणि ब्राउन टेप.

गाडी फियाट पुंटो, २०१२ ची, १.३ मल्टिजेट डिझेल. नगर रोडला रांजणगावच्या कारखान्यात जन्मलेली. महागणपतीला जाताना मी तिला दरवेळी म्हणते, बघ बाई, तुझं माहेर. माहेरी आता जीप बनतात आणि लेकीला कोणी ओळख दाखवत नाही. २०१९ ला फियाटने इथला बाजार आवरला, तेव्हापासून पार्ट कुठून आणायचा हा आमच्या घरातला कायमचा विषय आहे. मी धंद्याने हिशेबनीस, त्यामुळे प्रत्येक पावती फायलीत आहे. त्या फायलीवरूनच हे लिहितेय.

अधिकृत वर्कशॉपचं दोन ओळींत सांगते. नंबर टाकून बघितला, ‘बॅक ऑर्डर’ म्हणाले, आठ आठवडे, पैसे आधी भरा. पावसाळ्यात आठ आठवडे!

मग नाना पेठ, पुण्यातला गाड्यांच्या सामानाचा बाजार. इंजिनचं काही असेल तर मी डोळे मिटून इथेच येते, कारण हेच १.३ मल्टिजेट स्विफ्ट डिझेलमध्ये आहे, डिझायरमध्ये आहे, टाटाच्या इंडिका व्हिस्टातही आहे. म्हणजे अर्ध्या पुण्याच्या टॅक्स्या माझ्या इंजिनावर पळाल्या. त्याच वर्षी टायमिंग चेनचा किट घेतला होता. पोरगा माळ्यावर चढला आणि चहा संपायच्या आत खोका काउंटरवर. भाव नेहमीप्रमाणे तीन: कंपनीचा, ओई (म्हणजे कंपनीला माल पुरवणाऱ्याचा) आणि लोकल. ‘बिल पाहिजे का?’ हा चौथा प्रश्न. मला बिल पाहिजेच असतं, त्यामुळे काउंटरवरचे काका मला बघितलं की आधीच सुस्कारा सोडतात.

पण काचेचं मशीन, म्हणजे दारातली काच वर-खाली करणारं, स्विफ्टचं चालत नाही. काकांनी तुटकं मशीन उलटसुलट फिरवलं, केबलला नख लावून बघितलं.

‘मिस्टर नाही आले?’

‘मिस्टरांना स्टेपनी कुठे असते तेही माहीत नाही, काका. मशीन आहे का सांगा.’

‘ताई, फियाट गेली, तुम्ही कशाला मागे राहिलात?’ मग जरा नरमून, ‘मोटार चांगली आहे हो हिची. हा प्लास्टिकचा तुकडा गेलाय, काच धरणारा. नवीन पूर्ण मशीन मिळणार नाही. भंगारात बघा, नाहीतर मला दोन दिवस द्या.’

हे दोन दिवस मी दिले नाहीत. तिथे माझं चुकलं.

घरी येऊन फियाटच्या ‘ईपर’ या पार्टच्या कॅटलॉगमधून नंबर काढला आणि इंग्लंडच्या एका विक्रेत्याकडे तेच मशीन सापडलं. इंग्लंडच का, तर तिथे ग्रँडे पुंटो, म्हणजे हीच गाडी, भरपूर विकली गेली आणि तिथेही ड्रायव्हर उजवीकडे बसतो. किंमत ३४ पौंड, कुरियर २६ पौंड. ६० पौंड म्हणजे १०५ च्या भावाने ६,३०० रुपये. मनात म्हटलं, वाईट नाही.

आता खरा हिशेब. तेव्हा स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या वस्तूवर ३५ टक्के कस्टम ड्यूटी, त्या ड्यूटीवर १० टक्के सरचार्ज आणि किंमत धरून या सगळ्याच्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागायचा. सगळं मिळून ७७.२८ टक्के. आणि तोही नुसत्या वस्तूवर नाही, कुरियरच्या २६ पौंडांवरसुद्धा. कर झाला ४,८६९. कुरियरवाल्यांनी केवायसीसाठी पॅन-आधार मागवलं आणि क्लिअरन्सचे १,१८० लावले. एकूण १२,३४९ रुपये. दर त्यानंतर उतरलेत, त्यामुळे मागवायच्या दिवशीचा दर बघा. पण वाहतुकीवरही कर लागतो हे डोक्यात ठेवा.

‘गिफ्ट लिहून पाठवायला सांग ना,’ असं मला तिघांनी सुचवलं. ती वाट डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. पोस्टाने किंवा कुरियरने गिफ्ट म्हणून फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी येऊ शकते. त्यातही राखी चालते, राखीबरोबरची भेटवस्तू नाही. नियम लिहिणाऱ्याला बहीण असणार.

एकोणिसाव्या दिवशी खोका आला. पॅकिंग झकास, मशीन कोरं करकरीत. मिस्त्रींनी दाराचं पॅड उघडलं, मशीन आत धरलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘मॅडम, हे लांब आहे.’

युरोपात पुंटो तीन दारांचीही (डिकीचं दार धरून) मिळायची. तीन दारांच्या गाडीचं पुढचं दार लांब, काच मोठी, मशीन वेगळं. आपल्याकडे फक्त पाच दारांची आली, त्यामुळे असा काही प्रश्न असतो हेच माझ्या डोक्यात नव्हतं. विक्रेत्याने लिहिलं होतं, अगदी खाली, बारीक अक्षरात, पण लिहिलं होतं. मी नंबराचे शेवटचे दोन आकडे चुकीच्या रकान्यातून उचलले होते. दिवसभर लोकांच्या ताळेबंदातल्या चुका काढणारी बाई! परत पाठवायचा खर्च मशीनच्या किमतीएवढाच होता, म्हणून ते माळ्यावर गेलं.

नाना पेठेत काकांनी मला हेच मशीन दिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी परत घेतलं असतं. काउंटरवर आपण या ‘परत आणा’चे पैसे देत असतो. आणि मुळात त्यांनी दिलंच नसतं, कारण तुटका तुकडा त्यांनी हातात घेऊन बघितला होता. ऑनलाइन मागवताना हे काउंटरवरच्या माणसाचं काम आपल्यालाच करावं लागतं. दारं किती, स्टिअरिंग कुठलं, साल कुठलं, सगळं. युरोपातल्या पुंटोला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, आपल्या पुंटोला हायड्रॉलिक, म्हणजे ते सामान तिकडून बघायचंच नाही. हेडलाइट इंग्लंडचा चालेल, कारण तेही डावीकडून गाडी चालवतात. इटली-जर्मनीचा लावलात तर डिपर समोरच्याच्या डोळ्यात जाईल. ओळखीच्या एका गृहस्थांनी हौसेने तिकडच्या स्प्रिंगा मागवल्या. तिकडची गाडी मुळातच खाली बसते. आता ते आमच्या सोसायटीचा स्पीडब्रेकर तिरके होऊन ओलांडतात. फियाटच्याच लिनिया सेडानवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ती गाडी इंग्लंडात विकलीच गेली नाही, ती तुर्कस्तानात बुर्सा इथे बनायची. त्यांनी तिकडे बघावं.

माझी काच शेवटी कशी लागली? गेले परत काकांकडे, मान खाली घालून. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, हे त्यांचं मोठेपण. भवानी पेठेतल्या एका लेथवाल्याकडे पाठवलं. त्याने तुटक्या प्लास्टिकचे दोन तुकडे फेविक्विकने जोडून माप घेतलं, नायलॉनचा दांडा कापला, कानस मारत मारत तसाच्या तसा तुकडा बनवला आणि केबल त्यात अडकवून दिली. ६५० रुपये. काच थोडी हळू चढते, पण पूर्ण चढते.

याचा अर्थ पेठेला पैकीच्या पैकी मार्क असा नाही. इलेक्ट्रिकलला मी तिथे कानाला खडा लावलाय. एसीचा ब्लोअर एक-दोन-तीनवर बंद आणि फक्त चारवर चालू, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेला. चारवर करंट त्याला वळसा घालून जातो, एवढं सोपं आहे. एका दुकानात ‘बसतो सगळ्याला’ म्हणून एक लोकल रेझिस्टर दिला. तीन महिन्यांत गाडीत जळका वास आणि खोबणीचं प्लास्टिक पिवळं. परत घेऊन गेले तर भिंतीवरच्या पाटीकडे बोट: इलेक्ट्रिकल सामान परत घेतलं जाणार नाही. बिल दाखवलं, जीएसटी नंबर दाखवला, पाटी ती पाटीच.

चांगला रेझिस्टर मग इंग्लंडात लेस्टरला शिकणारा भाचा दिवाळीत घेऊन आला. १४ पौंड, काडेपेटीपेक्षा जरा मोठा, कोटाच्या खिशात बसला. ‘मामी, चकल्या न्यायला आलोय, तू मला कुरियरवाला केलंस,’ म्हणाला. आधी फोनवर त्याच्याकडून नंबर तीनदा वाचून घेतला होता. ब्लोअर आजही चारही आकड्यांवर चालतो.

गेल्या महिन्यात ड्रायव्हरच्या खिडकीची मोटार कण्हायला लागली. मिस्त्री म्हणाले, ‘मॅडम, ते लांब मशीन टाकलं तर नाही ना?’ माळ्यावरून खोका काढला. मोटारीचे तीन स्क्रू तेच, कनेक्टर तोच. इंग्लंडची मोटार रांजणगावच्या दारात बसली आणि उरलेला सांगाडा खोक्यात परत गेला. फायलीत १२,३४९ समोर मी पेन्सिलीने लिहिलंय: पैकी मोटार वसूल.