लायक्राचा सेन्सरी झोका: कापड घ्या, टांगणी मात्र नीट करून घ्या

ऑक्युपेशनल थेरपीच्या (मुलांना रोजची कामं जमावीत म्हणून हालचालींचा सराव देणाऱ्या उपचाराच्या) खोलीत दिसणारा लायक्राचा झोका आता ऑनलाइन दोन-चार हजारांत मिळतो. चुळबुळ्या, लवकर चिडणाऱ्या किंवा हातापायांचा ताळमेळ न जमणाऱ्या मुलांसाठी ही वस्तू खरोखर कामाची आहे. कापडाला आमचे पैकीच्या पैकी गुण. खोक्यातलं टांगायचं सामान आणि सोबतचं सूचनापत्र यांच्या भरवशावर मात्र मुलाला त्यात बसवू नये.

खोक्यात साधारण नऊ फूट लांबीचं ताणलं जाणारं नायलॉन-स्पँडेक्सचं कापड असतं. सोबत पट्टा, कॅराबिनर (उघडमीट होणारी धातूची कडी), गरगर फिरणारं स्विव्हल, छताची प्लेट आणि बोल्ट येतात. मूल आत बसलं की कापड पाठ, खांदे, मांड्या सगळीकडून आवळतं. हा दाब आणि संथ झुलणं एकत्र मिळालं की बरीच मुलं निवांत होतात. आपल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यात झुलणं मिळतं, हा दाब मिळत नाही. काही मुलांना मात्र कापड अंगाला लागलेलंच सहन होत नाही. त्यांना बळंच आत घालू नये.

आता टांगणीचं. कंपनी एकाच बिंदूवर टांगायला सांगते आणि वर स्विव्हल देते. त्यामुळे झोका पुढे-मागे कमी आणि गोल जास्त फिरतो. सरळ, एका लयीत झुलण्याने मूल शांत होतं. गोल फिरण्याने उलट चेव येतो, किंवा मळमळतं. स्विव्हल काढलं तरी सुटका नाही, कारण पट्ट्याला पीळ बसतो आणि तो सुटताना झोका आणखी जोरात फिरतो. उपाय आखाजीच्या झोक्यातच आहे: दोन बिंदू. कापडाची दोन टोकं दोन वेगळ्या कॅराबिनरमध्ये घ्या आणि हुक दीड-दोन फूट अंतरावर ठेवा. अंतर याहून वाढलं तर कापड पसरतं आणि दाब जातो. फार कमी ठेवलं तर झोका पुन्हा फिरायला लागतो.

खोक्यावरचा वजनाचा आकडा कापडाचा असतो, तुमच्या छताचा नाही. झुलताना, उड्या मारताना हुकवर मुलाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट ताण येऊ शकतो. आरसीसी स्लॅब असेल तर हॅमर ड्रिलने भोक पाडून लोखंडी अँकर फास्टनर बसवून घ्या. तो प्लास्टरमध्ये न अडकता आतल्या काँक्रीटमध्ये शिरला पाहिजे. प्लास्टिकची गिट्टी, पीओपीची फॉल्स सीलिंग, पंख्याचा हुक, यांतलं काहीही चालणार नाही. धाब्याच्या घरात तुळईला भोक पाडू नका, पट्टा तिच्याभोवती गुंडाळा. पण आधी सुताराकडून वाळवी तपासून घ्या. पत्र्याच्या शेडच्या पाइपला टांगणं टाळावंच. मिस्त्रीची मजुरी झोक्याच्या किमतीतच धरा. पहिल्यांदा मोठ्या माणसाने बसून, हलून पाहावं.

उंची रिकाम्या कापडावर मोजली की चुकते. लायक्रा ताणला जातो आणि मूल जमिनीला टेकतं. मूल बसलेलं असताना बूड जमिनीपासून फूटभर वर हवं. खाली गादी आणि चारही बाजूंना निदान तीन फूट मोकळी जागा ठेवा.

वापरताना मूल आत बसलं की हलका, सारखा झोका द्या, पुढे-मागेच. पाच मिनिटांपासून सुरुवात करा, दहा-पंधरापेक्षा जास्त लांबवू नका. मधूनमधून ‘अजून देऊ का थांबू?’ असं विचारा आणि मूल जे म्हणेल ते लगेच करा. आपल्याला आता किती हवंय हे त्याला स्वतःला कळू लागणं, हा या झोक्याचा निम्मा उपयोग आहे. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, जांभया येऊ लागल्या किंवा मूल एकदम गप्प झालं तर तिथेच थांबा. फिट येणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा.

सूचनापत्रात सहसा न सापडणारा, पण आमच्या मते सर्वांत मोलाचा वापर वेगळाच आहे. कापड रुंद पसरून मुलाला त्यात पालथं झोपवा. तळहात जमिनीला टेकतील इतकीच उंची ठेवा. समोर दहा चिंचोके आणि एक डबा मांडा. हाताने जमीन रेटत पुढे जायचं, एक चिंचोका उचलायचा आणि मागे येऊन डब्यात टाकायचा. मान वर धरून ठेवावी लागते आणि खांद्यावर भार येतो. खांदा स्थिर नसलेली मुलं लिहिताना पेन्सिल फार दाबतात आणि चटकन थकतात. त्यांच्यासाठी हा व्यायाम नुसत्या गिरवण्यापेक्षा फार चांगला. चिंचोके तोंडात घालणारं मूल असेल तर मोठे ठोकळे घ्या.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात हे कापड घामाने अंगाला चिकटतं. त्या दिवसांत सकाळी लवकर वापरा, डोक्यावरून कापड ओढू नका. धुवायचं थंड पाण्यात, वाळवायचं सावलीत. कडक उन्हात त्याचा ताण लवकर जातो. दर आठवड्याला शिवण आणि कॅराबिनरचा घासला जाणारा भाग बोट फिरवून पाहा. चर पडलेली लागली तर बदला. मुलाला झोक्यात एकटं सोडू नका. वापर झाला की कापड हुकवरून काढून ठेवा. लोंबता पट्टा गळ्यात अडकू शकतो.

शाळेसाठी हा झोका घ्यावा असं आम्ही सांगणार नाही. चाळीस मुलांत एक झोका म्हणजे रांग आणि भांडण, आणि त्याच्यापाशी सतत उभं राहायला माणूस नसतो. वर्गात दप्तरांची थप्पी इकडून तिकडे नेणं, भिंत दोन्ही हातांनी दहा वेळा रेटणं, फळा पुसणं ही जोराची कामं लिखाणाच्या तासाआधी दिली तरी पुष्कळ फरक पडतो. घरी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचं पीठ मळू देणं हेही त्यातलंच.

ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) ‘बरा करतो’ असं लिहिणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. असा कोणताही झोका नाही. मूल गुणी वागलं म्हणून बक्षीस, हट्ट केला म्हणून बंद, असाही वापर नको. आणि घरात हुकसाठी पक्की जागाच नसेल तर हे पैसे खर्चू नका. जाड सुती चादरीत मुलाला पालथं ठेवून दोघांनी टोकं धरून जमिनीलगत हळूहळू झुलवलं तरी चालतं, दोघांच्या हाताला पेलेल इतक्या वजनापर्यंत.