चासी एकीची, कागद दुसरीचे

साडेसहा हजार पौंड मोजून आलेली अक्कल आहे. तुम्हाला फुकट देतो.

मी बर्मिंगहॅमजवळ राहतो, मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात मामाचं गॅरेज, त्यामुळे ग्रीसचा वास लहानपणापासून अंगात मुरलेला. तीन वर्षांपूर्वी डोक्यात नोव्हा शिरली. ही १९७१ साली साउदॅम्प्टनला निघालेली किट कार, म्हणजे सुटे भाग आणून आपणच जोडायची गाडी. रिचर्ड ओक्सचं डिझाइन, उंची जेमतेम कमरेएवढी, आणि दारं नाहीतच. अख्खं छप्पर पेटीच्या झाकणासारखं वर उघडतं, आपण आत उतरायचं.

कंपनी द्यायची ती मुख्यतः फायबरची बॉडी. चासी (गाडीचा खालचा सांगाडा), इंजिन, गिअरबॉक्स जुन्या फोक्सवॅगन बीटलचं. बीटल आणायची, तिची बॉडी उतरवायची, ही बसवायची. म्हणून सरकारदरबारी गाडीची ओळख बीटलचीच: तिचीच नंबरप्लेट, तिचाच चासी नंबर. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून फसलो, त्याचीच जास्त लाज वाटते.

विकणारा साठीचा. नखांत काळं तेल, बोलणं गोड. गाडी म्हणे आजारी मित्राची, हा फक्त विकून देत होता. लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, तिसरंच नाव. 'हा मालकीचा पुरावा नाही' असं त्या लॉगबुकवरच ठळक छापलेलं असतं, पण माझं लक्ष नारिंगी रंगावर. बॉडी कशी घासली, कुठे रेझिन भरलं, हे त्याने तासभर सांगितलं. चहा दिला, बिस्किटं दिली. खालून नवंकोरं काळं अंडरसील, म्हणजे गंज रोखणारा जाड लेप, मारलेलं होतं. ते मला निगुतीचं वाटलं! आज कळतं, ताज्या अंडरसीलखाली काहीही लपतं.

बीटलचा चासी नंबर मागच्या सीटखाली, मधल्या टनेलवर (गाडीच्या तळाच्या उभ्या उंचवट्यावर) ठोकलेला असतो. नोव्हात ती जागा सीटांच्या मागे येते. तिथे कार्पेट चिकटवलेलं होतं. "आत्ताच लावलंय, उचकटलं तर फाटेल," तो म्हणाला. ज्याच्या हातचा चहा प्यायलो, त्याच्या गाडीचं कार्पेट ओढायचं कसं? भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. पैसे त्याच संध्याकाळी पाठवले, तेही त्याने सांगितलेल्या भलत्याच नावाच्या खात्यावर.

गाडी घरी आली. हौसेने मामाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. "ते राहू दे रे. चासी नंबर दाखव की."

कार्पेट फाडलं. त्या काळच्या बीटलच्या नंबरातला तिसरा आकडा मॉडेलचं वर्ष सांगतो. लॉगबुकात तो १ होता, म्हणजे १९७१. पत्र्यावर ४. कागद एका गाडीचे, चासी दुसरीच. मग अंडरसील खरवडलं, तर खाली गंज आणि त्यावर फायबरची ठिगळं. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. फायबरला गंज चढत नाही, हे विकणाऱ्याचं वाक्य खरंच होतं म्हणा.

पुढचं थोडक्यात. इथे बदल केलेल्या गाडीला जुनी नंबरप्लेट ठेवायची तर तेव्हाच्या नियमाने टिकलेल्या मूळ भागांचे ८ गुण लागायचे, त्यातले ५ एकट्या चासीचे. माझी चासी त्या नंबरची नव्हतीच. मग उरला 'क्यू' नंबर, ओळख पक्की नसलेल्या गाडीला मिळतो तो, पण त्याआधी गाडीची कडक तपासणी, आणि त्यात असली ठिगळं पास होत नाहीत. पोलिसात तक्रार दिली. दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा इथल्या छोट्या दाव्यांच्या न्यायालयात लावता येतो, पण लावायचा कुणावर? घर भाड्याचं निघालं, फोन बंद. गाडी गॅरेजात चार स्टँडवर आहे. मुलगी छप्पर उघडून आत अभ्यास करते.

नोव्हा बघायला गेलात तर आधी टनेलवरचा नंबर लॉगबुकाशी ताडून बघा, चहा मागाहून घ्या.

गेल्या महिन्यात एक जाहिरात दिसली. या वेळी पिवळी गाडी, गाव दुसरं, पण वर्णनातली वाक्यं तीच, आजारी मित्रासकट. पोलिसांना कळवलं. शिवाय बायकोच्या नावाने निरोप धाडला: टनेलवरच्या नंबराचा फोटो पाठवा. अजून उत्तर नाही.