कागद फुटल्याच्या चौकशीत आगाऊ वकिली सल्ला (इंदूर): पहिला तास चोख, पुढचं विचारून घ्या

जिल्हा कोर्टाजवळचं हे फौजदारी वकिलांचं ऑफिस. नाव देत नाही. वकिलांना जाहिरातीची बंदी आहे. काम नेमकं आहे. खात्यातली नोटशीट (फाइलवरच्या शेऱ्यांचं पान) किंवा टेंडरचे दर बाहेर गेले, चौकशी लागली आणि आता आपलं नाव येणार अशी धास्ती असलेल्या सरकारी नोकराला गुन्हा दाखल व्हायच्या आधीच सल्ला देतात.

सुरुवात नोटिशीवरच्या कलमापासून होते. नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय, ३५(३) असेल तर आरोपाचा रोख तुमच्याकडे आहे. मंडळी फसतात ती १७९ मध्ये. ‘नुसतं विचारायला बोलावलंय’ म्हणून एकटीच जातात, भडाभडा बोलतात आणि जबाबावर सहीही ठोकून येतात. तपासातल्या या जबाबावर सही घ्यायचीच नसते (कलम १८१), आणि ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू ते द्यायचं बंधन नाही. ३५(३) ची नोटीस मात्र चुकवायची नाही. गैरहजेरी हेच अटकेचं निमित्त होतं.

मग एक तक्ता भरून घेतात: फाइल कोणाकडून आली, किती वाजता, पुढे कोणाला दिली, कपाटाची किल्ली कोणाकडे. हा किल्लीचा रकाना फार कामाचा. ज्या कपाटाला तीन किल्ल्या आहेत तिथे संशय एकट्यावर टिकत नाही. तक्ता वकिलांच्याच ऑफिसात राहतो, घरी प्रत नेऊ देत नाहीत. बरोबरच आहे, घरी सापडलेला कागद जप्त होतो.

फोनबद्दलचा सल्ला सगळ्यात मोलाचा: काहीही डिलीट करू नका. मेसेज समोरच्याच्या फोनमध्ये असतोच. तुमच्याकडून पुसला की न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम २४१ चा, म्हणजे पुरावा नष्ट केल्याचा, नवा गुन्हा अंगावर येतो आणि अटकपूर्व जामिनाला विरोध करायला सरकारी वकिलाच्या हाती आयतं कोलीत मिळतं. जप्ती झालीच तर पंचनाम्यात आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), सिम आणि सीलची नोंद वाचून मगच सही करा. जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे व्हायलाच हवं.

अटकपूर्व जामीन त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली. एफआयआर झालेला नसला तरी अर्ज चालतो, हे सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच सिब्बिया प्रकरणात सांगितलंय. पण नुसती भीती पुरत नाही. चौकशीचा आदेश, नोटीस असं काही जोडावं लागतं. घाई कशासाठी, तर ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की निलंबित झालो असंच धरतात.

आता उणं. ऑफिशियल सीक्रेट्स कायद्याचा बागुलबुवा इथं सरसकट दाखवतात. त्यातल्या कलम ५ ची (गुप्त सरकारी माहिती बाहेर देणं) शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, आणि सरकारच्या अधिकाराने झालेली तक्रार असल्याशिवाय कोर्ट दखलच घेऊ शकत नाही (कलम १३). दोषारोपपत्र आलं की आधी तो अधिकाराचा कागद शोधायचा. हे कोणी आपणहून सांगत नाही. पेपरफुटीतही तसाच घोळ. २०२४ चा केंद्राचा कायदा (३ ते ५ वर्षं, अजामीनपात्र) यूपीएससी, एसएससी, रेल्वे, एनटीए (नीट, जेईई घेणारी संस्था) अशा केंद्राच्या परीक्षांना लागतो, राज्याच्या भरतीला नाही. व्यापमं (मध्य प्रदेशच्या राज्य परीक्षा मंडळाचा भरती-प्रवेश घोटाळा) २०१३ मध्ये ज्या शहरात उघडकीला आलं तिथल्या वकिलांनी परीक्षा कोणाची, हे तरी आधी विचारावं!

खात्याच्या चौकशीचं काम ते घेत नाहीत. ही मोठीच खोट, कारण खात्याला दिलेलं उत्तर पुढे फौजदारी खटल्यात तुमच्यासमोर ठेवलं जाऊ शकतं. दोन्ही उत्तरं एकाच वकिलाच्या नजरेखालून गेलेली बरी.

पहिल्या तासाचे २,५०० रुपये, पावती मिळते. जामिनाची फी वेगळी. ती ठरवताना सेशन कोर्टाने अर्ज फेटाळला तर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठातलं काम त्यात धरलंय का, हे लिहून घ्या; एरवी ते धरलेलं नसतं.