निरीक्षण करून जाती ओळखायला शिकायचं, तर सुरुवात फुलपाखरांपासून की पतंगांपासून?

मला विचाराल तर पतंगांपासून. सगळे उलट सांगतात, आणि संख्या पाहिली तर त्यांचं चुकत नाही: जगात फुलपाखरांच्या साधारण १८,००० जाती, पतंगांच्या १,५०,००० हून जास्त. शिवाय फुलपाखरांची सचित्र पुस्तकंही भरपूर.

पण फुलपाखरू एका जागी थांबेल तर शपथ! कॅमेरा रोखेपर्यंत स्वारी पलीकडच्या झुडपावर. बसलं तरी बहुतेकदा पंख मिटून, म्हणजे दिसते ती खालची बाजू. मी सुरुवातीला एकाच फुलपाखराची वहीत दोन नावं लिहून ठेवली होती, वरच्या बाजूचं एक, खालच्या बाजूचं दुसरं.

पतंगांसाठी रात्री पांढरी चादर टांगायची, तिच्यावर दिव्याचा उजेड सोडायचा नि बसायचं. पाहुणे आपणहून येतात आणि त्यांतले कितीतरी तासन्‌तास हलत नाहीत. भिंगातून मिशा, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका, निवांत पाहता येतात. अनेक जातींत नराच्या मिशा पिसासारख्या असतात, मादीचा गंध टिपण्यासाठी. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला मात्र गाठ असते. ‘दिवसा दिसलं ते फुलपाखरू’ हे काही खरं नाही. दिवसा उडणारे भडक रंगांचे पतंगही आहेत.

अडचण नावाची. कित्येक करड्या-तपकिरी पतंगांची जात फोटोवरून ठरतच नाही, जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. तिथे कुळापर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या मोठ्या गटापर्यंत, पोचलो तरी मी खूश असतो.