एचईसी-एचएमएस: एक अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

नाशिकमध्ये पावसाळी गटारं, मोऱ्या आणि लहान पुलांच्या डिझाइनची कामं करतो. मे महिन्यात एचईसी-एचएमएस घेतलं आणि पावसाळाभर त्यावर बसलो. पडलेल्या पावसातून नदी-नाल्यात किती पाणी आणि कधी येईल याचं गणित करणारं, अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाच्या डेव्हिस इथल्या केंद्राने बनवलेलं हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, लायसन्सची भानगड नाही. नव्याने शिकणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा उघडल्यावर काहीच कळत नाही, हे खरं आहे. डावीकडे वर झाडासारखी यादी, तिच्याखाली आकडे भरायची जागा, उजवीकडे मोठा नकाशा आणि तळाशी संदेशांची पट्टी. वर यादीत ज्यावर क्लिक कराल, त्याचेच रकाने खाली उघडतात. एवढं लक्षात आलं की निम्मी भीती जाते.

खरी गोम पुढे आहे. हे सॉफ्टवेअर तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला लावतं. जमीन म्हणजे बेसिन मॉडेल, पाऊस म्हणजे मेटिओरोलॉजिक मॉडेल आणि काळ म्हणजे कंट्रोल स्पेसिफिकेशन्स. तिन्ही तयार असल्याशिवाय सिम्युलेशन रन, म्हणजे प्रत्यक्ष गणिताची फेरी, बनतच नाही. सुरुवातीला हा कटकटीचा प्रकार वाटतो. पण याच रचनेमुळे एकाच पाणलोटावर दहा वेगवेगळे पाऊस पाडून बघता येतात, किंवा तोच पाऊस ठेवून जमीन बदलता येते. माझ्या मते हा इंटरफेस जलविज्ञानाचा विचार कसा करायचा तेच शिकवतो.

सरावासाठी मी नासर्डी घेतली. सातपूरकडून शहरातून वाहत टाकळीजवळ गोदावरीला मिळणारी ही नदी शिकायला उत्तम, कारण काठावरचं काँक्रीट वाढताना आपण डोळ्यांनी पाहिलंय. एससीएस या पद्धतीत जमीन पावसातलं किती पाणी वाहू देते हे कर्व्ह नंबर सांगतो. तो 80 धरला तर 100 मिमी पावसातून साधारण 50 मिमी पाणी वाहून जातं. 90 धरला तर जवळपास 73. पाऊस तोच, बदलली फक्त जमीन. हा फरक आलेखावर समोर दिसला तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबलो होतो. सुरुवातीच्या शोषणाचा रकाना रिकामा ठेवला तरी चालतो, सॉफ्टवेअर स्वतःच जमिनीच्या साठवण क्षमतेच्या 0.2 पट धरतं.

आता आपल्याकडच्या अडचणी. सोबत येणारा कॅस्ट्रो हा नमुना प्रकल्प जरूर उघडून बघा, पण तो फूट-इंचांत आहे. आपला प्रकल्प बनवताना मेट्रिक निवडा. मग विसर्ग घनमीटर प्रति सेकंदात येतो, आणि गंगापूर धरणाच्या बातम्या मात्र क्युसेकमध्ये असतात. 35.3 ने गुणायचं. जलाशयाचा साठा हजार घनमीटरमध्ये भरावा लागतो. एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे सुमारे 28,317 हजार घनमीटर. हे दोन आकडे मी टेबलासमोर चिकटवून ठेवलेत.

पावसाच्या आकड्यांना जास्त जपा. हवामान खात्याचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजलेला, मागच्या चोवीस तासांचा असतो. तो एकच आकडा दिवसभर सारखा पसरवला तर पुराचा शिखर-विसर्ग फार बसका येतो. घाटमाथ्यावरून येणारी सर दोन तासांत नाला भरवते, चोवीस तास वाट बघत नाही. तासाभराची नोंद मिळाली तर तीच वापरा. शिवाय आकडे टप्प्याटप्प्याचे आहेत की साचत गेलेले, हे पर्जन्यमापकाच्या रकान्यात नीट निवडा.

तळाच्या संदेशांकडे नवीन मुलं बघतच नाहीत. लहान उपखोऱ्यात गणिताचा काळाचा टप्पा लॅग-टाइमच्या (पावसाच्या मध्यापासून पुराच्या शिखरापर्यंतच्या वेळेच्या) 0.29 पटीपेक्षा मोठा झाला की तिथे इशारा येतो. रन पूर्ण होतो, आलेखही सुंदर दिसतो, पण शिखर कापलेलं असतं. आमच्या ऑफिसात आता संदेश वाचल्याशिवाय कोणी आकडा पुढे देत नाही.

नव्या आवृत्तीत उंचीच्या नकाशावरून पाणलोट आखायची सोय आतच आहे. आधी प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, ठरवा, नाशिकसाठी यूटीएम झोन 43 उत्तर. अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा टाकू नका, साध्या लॅपटॉपचा दम निघतो. हवा तेवढा तुकडा कापून घ्या. सपाट वस्तीत आखलेल्या रेषांवर मात्र विसंबू नका, कारण जमिनीखालची गटारं त्या नकाशाला दिसत नाहीत. तिथे प्रत्यक्ष चालूनच बघावं लागतं.

मेनू सगळे इंग्रजीत आहेत, आलेखांचं रूपही जुनाट आहे. पाणी कुठवर पसरेल हे हवं असेल तर त्याच केंद्राचं एचईसी-रास लागतं. विसर्ग किती आणि कधी, एवढाच प्रश्न असेल तर हे पुरेसं आहे.

शिकायचं असेल तर एकच उपखोरं, एकच पर्जन्यमापक आणि दोन दिवसांचा काळ, एवढ्यावर सुरू करा. त्याचा आलेख हाताने पडताळा. धरण आणि प्रवाहमार्ग त्यानंतरच जोडा.